वीसपैकी वीस

सोमवारी दुपारी फळ्यावर ‘वीसपैकी वीस’ असं लिहिलं गेलं, तंबूतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी माझे हात खिशातच ठेवले.

एकतीस वर्षं मी सैन्याच्या वस्तू तपासते आहे. तंबू तपासले, गॅसचे मुखवटे तपासले, वाळवंटात पाणी गाळायची यंत्रं तपासली. वीसपैकी वीस मी कधी पाहिलं नाही. अहो, साधे बूट वीस जणांना दिले तरी तिघांना चावतात. कॅम्प रँकिन या आमच्या तळावर मला पाठीमागे ‘शंकाबाई’ म्हणतात हे मला ठाऊक आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो.

वस्तू होती एक करड्या रंगाची डबी, साबणाच्या वडीएवढी. सैनिकाने ती खांद्याच्या पट्ट्याला लावायची. शत्रूचं ड्रोन येऊ लागलं की डबी थरथरते आणि तिचा हिरवा दिवा लाल होतो. जुनी यंत्रं ड्रोनचा रेडिओ ऐकायची. आता ड्रोन मागे केसाएवढी काचेची तार सोडत येतात, रेडिओ वापरतच नाहीत, त्यामुळे ती यंत्रं ठार बहिरी झाली. या डबीला म्हणे दोन कान होते, एक आवाजाचा आणि एक विजेच्या खरखरीचा. बनवणाऱ्याने एप्रिलपासून आमच्याच मैदानावर तिला शेकडो उड्डाणं ऐकवली होती आणि त्यातून ती आपली आपण खुणा शिकली होती. कुठल्या खुणा, ते बनवणाऱ्यालाही सांगता येत नव्हतं. माझं डोकं पहिल्यांदा तिथेच फिरलं.

बनवणारा मर्ल योडर, वरच्या गोशेन गावचा. वय छत्तीस, दाढी विरळ, बोलणं हळू. त्याचे आईवडील मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे. ती माणसं शस्त्राला हात लावत नाहीत, सैन्यात जात नाहीत. पोराने सैन्यासाठी काही बनवलंय म्हटल्यावर बापाने जेवणाच्या टेबलावर एकच प्रश्न केला, “मारते का ही?” मर्ल म्हणाला, “नाही, नुसती सांगते.” मग बापाने घास उचलला. ही गोष्ट मर्लनेच मला सांगितली, आणि मी मनात म्हटलं, फारच गोड आहे. एवढ्या गोड गोष्टी मला कुणी उगाच सांगत नाही.

या सगळ्याला पैसा होता वॉशिंग्टनच्या सामाईक निधीचा. एरवी नवी वस्तू सैनिकाच्या हातात पडायला आठ-नऊ वर्षं लागतात. आधी भूदल तपासणार, मग नौदल म्हणणार आमचं वेगळं असतं, मग मरीन सैनिक म्हणणार आम्हाला कुणी विचारलंच नाही. तोवर युद्ध तरी संपतं नाहीतर शोधक तरी. म्हणून निधीने ठरवलं, की तिन्ही दलांनी एकाच मैदानावर, एकाच आठवड्यात, मिळून वस्तू वापरून बघायची. तिघांची सही आणि चौथी तपासनिसाची झाली की वस्तू थेट पलटणीत. तपासनीस मी. कल्पना चांगली आहे, खोटं कशाला बोलू. चांगल्या कल्पनांवर मी जरा जास्तच डोळा ठेवते.

निधीचा माणूस वेल्बॉर्न साहेब. इस्त्रीचा शर्ट आणि डोंगर चढायचे कोरे करकरीत बूट. आमच्या भागात चढायला डोंगर नाही, सगळा मका. सरकारी वर्ष शुक्रवारी, तीस सप्टेंबरला संपत होतं. तोवर सह्या झाल्या नाहीत तर निधीतला हा पैसा परत जाणार होता आणि वेल्बॉर्न साहेबांना पुढच्या वर्षी कुणी विचारणार नव्हतं.

“मिसेस गॅरिंगर,” ते मला म्हणाले, “आज तरी हसा. वीसपैकी वीस!”

“हसते की शुक्रवारी,” मी म्हटलं.

हसू न येण्याचं खरं कारण तंबूच्या दाराशी उभं होतं. सार्जंट अँब्रोज टिलरी. कॅरोलायनाचा, उंच, मिशीत पांढरे केस डोकावू लागलेले. आठवडाभर खंदकात बसून डबी वापरून बघायला त्याच्याच पलटणीतली बारा माणसं दिली होती. एकूण अडतीस माणसं घेऊन तो एकवीस ऑक्टोबरला परदेशी निघणार होता. कुठे ते मी सांगत नाही. जिथे मरण वरून येतं, तिथे.

“डोरीनबाई,” तो टोपी हातात घेऊन म्हणाला, “मला त्या फळ्याचं काही कळत नाही. एवढंच सांगा. माझ्या माणसांच्या खांद्यावर ही असली तर त्यांना पळायला दोन मिनिटं मिळतील का नाही?”

“शुक्रवारी सांगते.”

“बरं. पण माझी तारीख काही पुढे सरकत नाही हां.”

*

संध्याकाळी मी वह्या घेऊन बसले. आता आमच्याकडची पद्धत सांगायला हवी, कारण सगळी गोम तिथेच आहे. सामाईक प्रयोग म्हटला की प्रत्येक दलाला आपला वाटा हवा. टेकडीमागून ड्रोन सोडायचं काम नौदलाचं, मनोऱ्यावर बसून मैदानाची सुरक्षा बघायचं काम मरीनचं, आणि खंदकात बसून डबी खांद्याला लावायचं काम भूदलाचं. तिघांच्या वह्या तीन. कुणी कुणाची वही बघत नाही. मागायलाही जात नाही, मागितली तर कमीपणा.

मी भूदलाची आणि नौदलाची वही शेजारी ठेवली. डबी थरथरली दहा वाजून चौदा मिनिटांनी. ड्रोन उडालं दहा पंधराला. पुढचं उड्डाण, तेच. वीसच्या वीस वेळा डबी आधी आणि ड्रोन मागून.

मंगळवारी सकाळी मी हे तंबूत बोलून दाखवलं तर सगळे हसायला लागले.

“नौदलाचं घड्याळ आहे ते,” टिलरी म्हणाला. “लाटांवर हेलकावे खातं. पाच मिनिटं इकडे, पाच तिकडे.”

नौदलाचा चीफ नॉरिस, बसका आणि लालबुंद, लगेच उसळला. “भूदलाला काटे वाचता येतात हीच मोठी बातमी! आमच्या घड्याळावर जहाजं चालतात, सार्जंट. तुमच्या घड्याळावर फक्त जेवणाची सुट्टी.”

“तेवढीच काय ती वेळेवर होते,” टिलरी म्हणाला.

“दोघांचीही घड्याळं काढा,” मी म्हटलं.

शाळेतल्या बाईंसारखं मी दोघांना समोरासमोर उभं केलं आणि घड्याळं सेकंदाला सेकंद जुळवली. वेल्बॉर्न साहेबांनी ‘हा वेळेचा अपव्यय आहे’ असं त्यांच्या सहायकाला ऐकू येईल, आणि मलाही ऐकू येईल, अशा बेताने म्हटलं. मंगळवारी दहा उड्डाणं झाली. डबीने दहाही पकडली. आणि दहाही वेळा ती ड्रोन उडायच्या पन्नास सेकंद आधी थरथरली होती.

म्हणजे ड्रोन जमिनीवर, पंखे बंद, आवाज शून्य, आणि इकडे डबीला कळलेलं असायचं की येतंय. ज्योतिषी असतात असं ऐकलं होतं, करड्या डबीतला पाहिला नव्हता.

माझा संशय कुणावर गेला असेल ते सांगायला नको. योडरचा कुणीतरी माणूस टेकडीमागे असणार. उड्डाणाची तयारी दिसली की खिशातलं बटण दाबत असणार. गोड गोष्टी सांगणारा, पायाखालची मुंगी न मारणारा, आईबापाचं नाव पुढे करणारा! हे सगळं मला इतकं नीट जुळलेलं दिसलं, की मी रात्री शांत झोपले. एवढी शांत झोप लागली तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

*

बुधवारी मी मर्लला मैदानावर जाऊच दिलं नाही. त्याचा फोन, घड्याळ, लॅपटॉप, गाडीची किल्ली, सगळं माझ्या पर्समध्ये टाकलं, त्याच्या दोन्ही सहायकांना गावातल्या हॉटेलात पाठवलं, आणि त्याला कॅन्टीनमध्ये समोर बसवलं. पोर्क टेंडरलॉइनचं सँडविच मागवलं. आमच्याकडे त्यातलं मांस पावाच्या चौपट असतं, चहूबाजूंनी लोंबतं. तो त्याच्याकडे बघत बसला.

“म्हणजे मी चोर,” तो म्हणाला.

“मला सगळेच वाटतात. आज रांगेत तुमचा नंबर पहिला.”

“तुम्ही मला सरळ विचारू शकला असता.”

“सरळ विचारल्यावर कुणी ‘हो, मी चोर’ म्हणतं का?”

मग त्याने पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे सरकवला. “आईने पर्सिमनच्या फळांचं पुडिंग दिलंय. तुमच्यासाठी म्हणून नाही, सगळ्यांसाठी. पण बाकी कुणी इथे बसलेलं नाही.”

“मला काही घेता येत नाही.”

“नियम?”

“नियमही. आणि माझा स्वभावही.”

त्याचे डोळे भरले होते का, हे मी मुद्दाम पाहिलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजत आले होते आणि माझ्या हातात मैदानाचा फोन होता. पहिलं उड्डाण, डबी थरथरली. दुसरं, थरथरली. तिसरं, चौथं, पाचवं, थरथरली. पन्नास सेकंद आधी. मर्ल माझ्यासमोर बसून पावाचे तुकडे करत होता, खात नव्हता. त्याच्या खिशात बटण नव्हतं, टेकडीमागे त्याचा माणूस नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघाले होते मी, आणि अजून चोर कोण ते कळलं नव्हतं.

अकरा बावन्नला टिलरीचा फोन आला.

“डोरीनबाई, आज पहिली चूक सापडली. अकरा बेचाळीसला डबी थरथरली, लाल दिवा लागला, आम्ही सगळे आडवे झालो, आणि आलंच नाही काही. दहा मिनिटं चिखलात तोंड खुपसून पडलोय.”

मी नॉरिसला फोन लावला. “अकरा बेचाळीसचं ड्रोन कुठे गेलं?”

“कुठे जाणार? पेटीतच आहे. सोडलंच नाही. दवाखान्याचं हेलिकॉप्टर वरून चाललं होतं, मनोऱ्याने थांबवलं.”

“कधी थांबवलं? हाक व्हायच्या आधी का नंतर?”

“हाक झाल्यावर. हाक झाली, आम्ही मोटार लावणार तेवढ्यात हेलिकॉप्टर दिसलं.”

मी फोन खाली ठेवला.

हाक म्हणजे अशी. आमच्या मैदानावर काहीही उडवायच्या आधी एक मिनिट, मनोऱ्यावरचा मरीन एका मोठ्या रेडिओचं बटण दाबून तीनदा सांगतो, “मैदान तापलं. मैदान तापलं. मैदान तापलं.” ते ऐकलं की सगळ्यांनी शिरस्त्राण घालायचं आणि डोळ्यांवर चष्मा चढवायचा. तो रेडिओ इतका जोरदार आहे की कुंपणाच्या टोकापर्यंत पोहोचतो, आणि तो या एकाच कामाला वापरतात, दुसऱ्या कशालाच नाही. हाक इतकी अंगवळणी पडलेली, की तिची नोंद असलेली मरीनची वही मी उघडलीच नव्हती. एप्रिलपासून डबीने जी शेकडो उड्डाणं ऐकली, त्या प्रत्येकाआधी तीन वेळा तीच खरखर. तिला ड्रोनच्या बारीक कुरकुरीशी झगडायची गरजच काय? सोपी खूण मिळाली, ती तिने धरली. डबी ड्रोन ओळखत नव्हती. आमची हाक ओळखत होती.

आणि हाकेचा तो नियम कुणाचा, तर माझा. नऊ वर्षांपूर्वी न सांगता सोडलेल्या एका ड्रोनच्या पंख्याने ओडेल प्रुइट नावाच्या मुलाचा डोळा गेला. मी त्याच्याजवळ सर्वांत आधी पोहोचले होते. त्याच आठवड्यात मी हा नियम लिहिला, भांडून मंजूर करून घेतला, आणि त्यानंतर इथे कुणाला ओरखडाही आला नाही. त्या नियमाचा मला अभिमान होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आता बोंबलायचं कुणाच्या नावाने?

“मर्ल,” मी म्हटलं, “तुम्ही डबीला शिकवत होतात तेव्हा प्रत्येक उड्डाणाआधी हाक होत होती?”

“हो. प्रत्येक. नियमच आहे ना.” मग त्याचा हात थांबला. तो हुशार माणूस आहे, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. “नाही,” तो म्हणाला. “असं नसणार. बघू. उद्या बघू या.”

“मर्ल, मी तुम्हाला चोर समजले. माझं चुकलं.”

माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे ती मागतानाही मी खेकसल्यासारखीच मागितली असणार. त्याने मान हलवली, पण ऐकलं की नाही कोण जाणे.

*

“हाकेशिवाय उड्डाण?” वेल्बॉर्न साहेब म्हणाले. “मिसेस गॅरिंगर, तुमचाच नियम आहे तो!”

“नियम सांगतो की माणसांना आधी कळलं पाहिजे. रेडिओवरूनच कळलं पाहिजे असं नाही. उद्या सकाळी मी स्वतः मैदानभर फिरून प्रत्येकाला तोंडी सांगते. आठ ते बारा शिरस्त्राण आणि चष्मा काढायचा नाही, कधीही काहीही येईल.”

“भूदलाची सही झाली आहे. नौदलाची झाली आहे. मरीन उद्या करताहेत. आता परीक्षेची पद्धत बदलायची म्हणजे पहिल्या तीन दिवसांवर पाणी.”

“साहेब, शत्रू येताना मनोऱ्यावरून कळवून येतो का?”

सहीचा कागद माझ्याशिवाय पुरा होत नव्हता, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गुरुवारी पहाटे दव पडलं होतं. मक्याच्या कडेकडेने चालत मी एकोणतीस माणसांना सांगून आले. गुडघे बोलायला लागले. मनोऱ्यावरच्या मरीनला म्हटलं, तो रेडिओ आज बंद, हात लावलास तर बघ. नॉरिसच्या लोकांनी ड्रोनखाली बॉम्बऐवजी खडूच्या भुकटीच्या पुड्या बांधल्या. मग मी आणि मर्ल खंदकाच्या मागे, दोनशे पावलांवर, एका ट्रकच्या आडोशाला उभे राहिलो. दुर्बीण मी मर्लला दिली.

सव्वाआठला पहिलं ड्रोन टेकडीवरून आलं. खंदकात टिलरी आपल्या माणसांना काहीतरी गमतीचं सांगत होता, ती हसत होती. खांद्यावरचा दिवा हिरवा. ड्रोन बरोबर त्यांच्या डोक्यावर येऊन थांबलं. दिवा हिरवाच. मग पुडी फुटली आणि टिलरी पांढरा झाला, टाळूपासून बुटापर्यंत.

कुणी हसलं नाही.

पाच उड्डाणं झाली. पाचही वेळा हिरवा. पाचव्या वेळी खंदकातली बाराच्या बारा माणसं पांढरी होती आणि एकजण खोकत होता. मर्लने दुर्बीण खाली ठेवली, ट्रकच्या चाकाला टेकून जमिनीवर बसला आणि म्हणाला, “मी बाबांना सांगितलं होतं, ती नुसती सांगते.”

मी त्याच्याशेजारी बसले. सांत्वन मला जमत नाही, बसता येतं.

*

शुक्रवारी वेल्बॉर्न साहेबांनी माझ्यापुढे कागद ठेवला. ते चिडलेले नव्हते, अगदी मृदू बोलत होते. ते मृदू बोलणं मला जास्त खुपलं.

“काय चुकलं ते कळलं आहे, म्हणजे दुरुस्तही होईल. पण आज पैसा परत गेला तर योडरची कंपनी महिन्यात बंद पडेल आणि मग दुरुस्त करायला कुणी उरणार नाही. सही करा, शेरा लिहा, पुढे सुधारू.”

“शेरे कुणी वाचत नाही, साहेब. सही सगळे वाचतात.”

मर्ल खिडकीशी उभा होता. त्याला मी विचारलं, “नीट व्हायला किती दिवस?”

“पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागेल,” तो म्हणाला. “वेगळ्या मैदानावर, हाकेशिवाय. मार्च. घाई केली तर फेब्रुवारी.” मग साहेबांकडे न बघता म्हणाला, “बाईंनी सही करू नये.”

स्वतःच्या कंपनीच्या गळ्यावर त्याने स्वतः सुरी ठेवली, आणि मी याच माणसाच्या गाडीची किल्ली काढून घेतली होती. मला लाज वाटली, स्पष्ट सांगते.

टिलरी कोपऱ्यात होता. कानात अजून खडू. “मग तिच्याऐवजी आम्हाला काय मिळणार?” त्याने विचारलं.

उत्तर मीच दिलं. “काही नाही.”

“काहीच नाही?”

“सार्जंट, डबी गप्प असली तर तुमची माणसं समजणार की वर काही नाही. ती नसली तर निदान वर बघतील.”

त्याने मान हलवली. पटल्यासारखी नाही, पावती दिल्यासारखी. मी सही केली नाही.

*

एकवीस ऑक्टोबरला मी विमानतळावर गेले. जायचं कारण नव्हतं. पण तीन आठवड्यांत वेल्बॉर्न साहेबांचा एकही फोन आला नव्हता, आणि हरलेला माणूस इतका गप्प बसत नाही.

शेडमध्ये अडतीस माणसं आपापल्या बोचक्यांवर बसली होती, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर करडी डबी होती.

मी टिलरीला गाठलं. “हे काय?”

“तीन सह्या आणि एक मतभेद, असं लिहिलंय कागदावर,” तो म्हणाला. “सैन्यात रीतसर घेतली नाही म्हणे. प्रयोगाचा पुढचा टप्पा, तिथे, आमच्यावर. पैसा तीस तारखेलाच सुटला.”

माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहीत नाही.

“ओरडू नका, डोरीनबाई. हुकूम आहे खांद्याला लावायचा. लावल्या. बॅटऱ्या घाला, असं हुकमात कुठेही लिहिलेलं नाही. सगळ्या मीच काढून घेतल्यात.” आणि तो जरासा हसला.

दुसरी कुणी असती तर त्याचा हात हातात घेऊन घरी गेली असती. मी म्हटलं, “बघू.”

“माझ्यावरही विश्वास नाही?”

“कुणावरच नाही. उठवा त्यांना.”

त्याने त्यांना उभं केलं. मी एकेकाच्या पुढे जाऊन डबीचं झाकण उघडत गेले. कुणी म्हणालं, “मॅम, गुदगुल्या होतात.” कुणी म्हणालं, “यात चॉकलेट ठेवता येईल.” एकीने खरंच चघळायचा गम ठेवला होता. अडतीस डब्या, अडतीसही रिकाम्या. सार्जंटने जे सांगितलं ते अक्षरशः खरं होतं. मला फार बरं वाटलं, आणि मी वळून त्याच्याकडे पाहिलं तर तो शेडच्या भिंतीला पाठ लावून उभा होता, डावा खांदा जरा मागे घेऊन.

“सार्जंट.”

“माझी राहू द्या.”

मी झाकण उघडलं नाही. त्याची गरजच नव्हती. त्याने डबीवर ठेवलेल्या बोटांच्या आड हिरवा दिवा लागलेला होता.

“पुडी तुमच्या टाळूवर फुटली होती,” मी हळू आवाजात म्हटलं. “माझ्या नाही.”

“ठाऊक आहे.”

“ती हिरवीच राहणार. काहीही आलं तरी हिरवीच.”

“ठाऊक आहे मला, बाई. पाच वेळा पाहिलंय.” त्याने माणसांकडे एक नजर टाकली. ती आता पुन्हा बोचक्यांवर बसून एकमेकांची टर उडवत होती. “तिथे कधी काही वाजलं, कधी फार शांत झालं, की ही अडतीस जणं माझ्या तोंडाकडे बघतात. मी कुणाकडे बघू?”

एकतीस वर्षांत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. माझ्या कुठल्याच तक्त्यात त्याचा रकाना नव्हता. तो दिवा त्याच्याकडे राहू द्यावा असं मला फार वाटलं, आणि म्हणूनच मी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

शेवटी त्याने डबी उघडली आणि बॅटरी काढून माझ्या तळहातावर ठेवली. त्याच्या अंगाने ती गरम झाली होती. मग त्याने नावं पुकारली, माणसं रांगेत उभी राहिली आणि विमानाकडे निघाली. पायऱ्या चढता चढता टिलरी थांबला, डोकं मागे टाकून वर बघत राहिला. आकाश कोरं होतं, ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता. दार बंद होईपर्यंत मीही वर बघत होते, आणि ते कोरं आहे यावर माझा विश्वास बसत नव्हता.